नसलेल्या झाडाचा मांडव

ता. ६ एप्रिल

चि. खडू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. भिंग लावून वाचावं लागलं, कारण तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. लहानपणी माझ्या फरशीवर खडूने घरं काढायचीस तेव्हा एकेक दार हातभर असायचं, म्हणून तर तुझं नाव खडू पडलं. आता शिकून सवरून मोठी झालीस आणि अक्षर एवढंसं? पुढचं पत्र जाड पेनाने लिही बाई.

तर आमच्या समोरच्या मैदानात मांडव घालायचं काम तुमच्या ऑफिसला मिळालं आणि तुझ्या साहेबांनी ते तुझ्याच गळ्यात घातलं! मी एवढी हसले की शेजारची शिवणवाली काय झालं म्हणून धावत आली. तिला म्हटलं, आमची पोर इतकं शिकली आणि शेवटी माझ्याच फाटकासमोर चार खांब रोवायला येतेय. भिंती नाहीत, दार नाही, कुलूप नाही, कुणीही यावं, बसावं, उठून जावं, अशी ही इमारत म्हणे. अगं, मग तिला इमारत तरी कशाला म्हणायचं? शिवणवालीला मात्र कल्पना फार आवडली. तिच्या खोलीत मशीन ठेवलं की माणसाला बसायला जागाच उरत नाही. आपण मशीन उचलून तिथे नेऊ का, असं ती आत्ताच विचारतेय.

तुझे बाबा, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दर आठवड्याला फोन करतात. निवृत्त झाले तरी हजेरी घ्यायची खोड काही जात नाही. विषय एकच, ताई एकटी राहू नकोस, इकडे ये, वरची खोली रिकामी आहे. मी साफ सांगितलंय, हे घर आणि हे फाटक सोडून मी कुठेही यायची नाही. त्याच्या घरातला जिना कुठे वळतो हे पाठ करायचं माझं वय नाही आता.

मैदान तुला आठवतं तसंच आहे. माझ्या फाटकासमोरचं आपलं झाड यंदा नुसतं भरात आलंय. संध्याकाळी वारा सुटला की अशी सळसळ करतं की मी हातातलं काम टाकते आणि खिडकीशी जाऊन बसते. खरंच सांगते, बसल्या बसल्या तंद्री लागते आणि चहा गार होऊन जातो. तुम्ही इमारतवाले त्याला तेवढं हात लावू नका हो.

ओळी वाकड्या गेल्यात, पेन बिघडलंय. जेवायच्या वेळा पाळ. माया आहे ती आहेच, तू फक्त पत्रात खंड पाडू नकोस.

तुझी आत्या

ता. १९ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बघ, किती मोठं अक्षर काढलंय! एका पानावर चार वाक्यं मावतात. पोस्टाचा खर्च वाढला तर तुझ्या नावावर.

हसलीस ना? हस. पण आमच्या ऑफिसच्या भिंतीवर जगभरच्या मांडवांचे फोटो लावलेत, ते तू बघायला हवेस. कुठे कागदाच्या जाड नळ्यांचं छप्पर आहे, कुठे नदीवर तरंगणारं व्यासपीठ. एका गावात तर नुसता एक लांबलचक बाक आहे, वर पत्रा, आणि अख्खं गाव तिथे बसून कपड्यांच्या घड्या घालतं. साहेब म्हणतात, अशी इमारत नकाशात नीट दिसत नाही, ती माणसं येऊन बसल्यावर दिसायला लागते. मी दिवसभर ते फोटो बघत बसते आणि मग मला आपल्या मैदानाची स्वप्नं पडतात. काल स्वप्नात छपराला पानं फुटली होती.

आता कामाचं. मैदानाची मोजणी करून आलेल्या माणसाने नकाशात झाडच दाखवलेलं नाही. एवढं मोठं झाड त्याला दिसलं नाही, धन्य आहे त्याची! तुझं पत्र हातात होतं म्हणून बरं, नाहीतर खांब थेट बुंध्यात गेला असता. मी पेन्सिलने नकाशात झाड काढलं आणि तिथेच मला सुचलं. छपराला मधोमध एक मोठा गोल ठेवायचा आणि त्यातून झाड वर जाऊ द्यायचं. मांडवाने झाडाभोवती नुसतं बसायचं. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी बाकीच्यांची चित्रं बाजूला सारली.

तुला एक काम देते. मी तिथे येऊन गेले त्याला दोन वर्षं झाली, आणि इथून मला सुट्टी मिळत नाही. तू खिडकीशी बसतेसच. तिथून कोण येतं, कुठे टेकतं, कुठून वळतं, सगळं कळव. बसायच्या जागा मी त्यावरून ठरवणार आहे.

बाबांचं फार मनावर घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा. तुझ्या मायेची मला सवय लागलीय, ती मोडू नकोस.

तुझी खडू

ता. १० मे

चि. खडूस अनेक आशीर्वाद. (हे वाचून शिवणवाली म्हणाली, पोरीला खडूस काय म्हणता! तिला म्हटलं, नाव लक्षात घे गं.)

आता मी तुमच्या ऑफिसची बिनपगारी माणूस झाले म्हणायची. तर घे. सकाळी सगळ्यात आधी येतात ते रिटायर झालेले पोस्टमन. काठी दोनदा टेकतात, थांबतात, पुन्हा दोनदा. आयुष्यभर दारं वाजवल्याची सवय असणार. त्यांना पाठ टेकायला काहीतरी दे, फार सुस्कारे टाकतात. मग सुऱ्यांना धार लावणारा येतो, त्याच्या गाडीचं डावं चाक कुरकुरतं. तो कडेकडेने जातो, त्याला सपाट वाट हवी. दुपारी शाळेतल्या दोघी मुली येतात. एकीची चप्पल घासत येते, दुसरी सारखी गुणगुणत असते. आधी कडकडून भांडतात आणि मग तेच गाणं दोघी मिळून म्हणतात. त्यांना झाडाजवळची जागा दे. बाबागाडी घेऊन एक बाई येते, बाळ झोपलं की तिचे पाय हळू पडायला लागतात.

टेलिफोन ऑफिसात बोर्डावर बसायचे तेव्हा शहरातली निम्मी माणसं मी अशीच ओळखायची. एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं, पण कोण खुशीत आहे आणि कोणाचं बिनसलंय हे पहिल्या हॅलोलाच कळायचं. ते दिवस फार आठवतात गं.

बाकी क्षेम. परवा दूध उतू गेलं आणि भांडं उतरवताना हात थोडा पोळला. हे बाबाला अजिबात सांगायचं नाही. तो निमित्तच शोधतोय. तुमच्या मांडवाच्या उद्घाटनाला येणार आहे आणि परत जाताना मला बरोबर नेणार म्हणे, जसं काही मी विसरलेली छत्री आहे. खरं सांगते खडू, या एका गोष्टीची मला भीती वाटते. इथे मला कुठल्या पायरीवर पाय टाकायचा ते झोपेतही कळतं. तिथे मी पाहुणी होऊन बसेन, आणि पाहुणीला कोणी चहासुद्धा स्वतः करू देत नाही.

असो. तुझ्याकडे सारखा पाऊस, सर्दीला जप. इकडची ओढ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

ता. २ जून

चि. खडू हिस अ. आ.

थोडक्यात लिहितो. ताईला फोन केला की बऱ्याचदा ती शेजारची शिवणवाली उचलते आणि उडवाउडवी करते. मागच्या वेळी ताई स्वतः बोलली, पण मी पाठवलेल्या कुटुंबाच्या फोटोत कोण कुठे उभं आहे विचारलं तर तिने विषय बदलला. मी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला माणूस आहे, कोणी काही लपवतंय हे मला कळतं.

तू तिची लाडकी. खरं काय ते मला कळव. उद्घाटनाला मी जाणार आहे आणि ताईला घेऊन येणार आहे. मोठी बॅग माळ्यावरून काढून ठेवली आहे. तिच्या भल्यासाठीच करतोय, हे तुलाही कळत असेल. तब्येत सांभाळ, आणि पत्राचं उत्तर लगेच टाक.

बाबा

ता. ८ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सरळ विचारलंत, आता माझ्याने थाप मारवत नाही. पण हे वाचून लगेच गाडीत बसू नका, एवढं आधी कबूल करा.

आपल्या मैदानातलं झाड राहिलेलं नाही. परवा जागेवरच्या मुकादमाने फोटो पाठवले आणि बरोबर विचारलं की बाई, एवढा गोल कशासाठी ठेवलाय, इथे तर काहीच नाही. मी चौकशी केली. मागल्या वर्षी आत्या आजारी पडून तुमच्याकडे राहिली होती ना, तेव्हा वादळात ते पडलं आणि लोकांनी उचलून नेलं. आत्याला हे कोणीच सांगितलं नाही. ज्याच्या दारासमोरचं झाड पडलं त्यालाच कोण सांगायला जाईल?

आणि तरी ती मला लिहिते की झाड भरात आलंय, सळसळतंय. बाबा, शेजारी नवी इमारत बांधतायत, तिच्या परांचीवर प्लास्टिकचे फाटके पडदे लावलेत. वारा आला की ते वाजतात. मग मी तिची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. काठी, कुरकुरणारं चाक, घासणारी चप्पल, गुणगुणणं. एकाही माणसाचा रंग नाही, चेहरा नाही, सदरा नाही. तिला भिंगाखालचं दिसतं, त्यापलीकडचं दिसत नाही. मी वाचता वाचता ऑफिसातच रडले, आणि साहेबांना वाटलं की गोल चुकला म्हणून रडतेय.

साहेब म्हणाले, गोल बुजवून टाक. मी नाही म्हटलं. तो राहणार. बाकी नकाशा मात्र मी पुन्हा काढतेय. बाबा, तिला तिच्या घरातून हलवलंत तर जेवढं तिला डोळ्यांशिवाय दिसतं तेवढंही जाईल. मला फक्त उद्घाटनापर्यंतचा वेळ द्या. तिला मांडवात येऊ द्या, तुम्ही बघा, आणि मग काय ते ठरवा. तिला यातलं काही बोलू नका, मी पाया पडते.

रागावलात तरी चालेल, पण ऐका. 

तुमची खडू

ता. ३० ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

मांडव उभा राहिला! आणि मी मात्र तिथे नसणार. दुसऱ्या देशात आमचं एक छोटं वाचनालय बांधून होतंय, त्याचं छप्पर नेमकं त्याच आठवड्यात चढतंय, म्हणून साहेबांनी मला तिकडे धाडलंय. दोन दिवस धुसफुसले, मग बॅग भरली.

म्हणून मांडव कसा आहे ते तुला इथूनच सांगते. तुझ्या फाटकाला लागूनच एक लाकडी कठडा सुरू होतो. त्यावर हात ठेवला की हात आपोआप आत जातो. मैदानाला सगळीकडून असे कठडे आहेत, पोस्टमनकाकांना, बाबागाडीवाल्या बाईला, सगळ्यांनाच लागतात. वाटेवर बारीक खडी आहे, पायाखाली कुरकुर वाजते. मग लाकडाची जमीन लागते, तिथे पावलं घुमतात, म्हणजे तू छपराखाली आलीस. आणि जिथे पायाला दगड लागेल तिथे गोल सुरू होतो. चप्पल घालून ये, पण गोलापाशी ती काढून ठेव, दगड छान तापलेला असतो.

पोस्टमनकाकांच्या बाकाला पाठ आहे. धारवाल्याला सपाट वाट आहे. भांडणाऱ्या मुली गोलाच्या कडेला बसतील. शिवणवालीच्या मशीनसाठी मी एक टेबल आणि वीज दिलीय, तिला सांग. तुझ्या पत्रातलं एकही माणूस मी बाहेर ठेवलेलं नाही.

मागच्या कार्डात तू विचारलंस की हल्ली झाड गप्प का आहे. आत्या, ते मी कागदावर नाही सांगत. तू जाऊन ये आणि मग मला काय रागवायचं ते रागव. तुझा हात माझ्या डोक्यावर आहे असं धरून चालते, तो काढू नकोस.

तुझी खडू

ता. २१ सप्टेंबर

चि. खडू हिस अ. आ.

बॅग रिकामी परत आणली.

उद्घाटनाची भाषणं संपल्यावर मी ताईचा दंड धरायला गेलो तर तिने माझा हात झटकला आणि कठड्यावर हात ठेवून चालू लागली. माझ्या पुढे. माझे बूट खडीवर घसरत होते आणि ती सरळ चालली होती. लाकडावर पावलं वाजली तशी थांबली, हसली, आणि पुढे गेली. दगड लागल्यावर तिने चपला काढल्या आणि दोन्ही हात पसरून पुढे झाली, लहानपणी आम्ही झाडाला मिठी मारायचो तशी. हाताला काही लागलं नाही. वरच्या गोलातून ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. ती तशीच उभी राहिली.

मी चष्मा पुसला. पुढचं ती स्वतः लिहिणार आहे, तिने मला एक अट घातली आहे. अट ऐकून मी तिला वेडी म्हटलं आणि मान्य केली. दोघं जाऊन डॉक्टरांना भेटून आलो. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायला थेंब दिलेत. तू काम चांगलं केलंस. एवढं मी सहसा कोणाला म्हणत नाही, जपून ठेव.

बाबा

ता. २ ऑक्टोबर

चि. खडू हिस अनेक अनेक आशीर्वाद.

हे मी सांगतेय आणि लिहितेय शिवणवाली, म्हणून ओळी सरळ आहेत. आता पेनावर खापर फोडायची सोय राहिली नाही. आम्ही दोघी मांडवात बसलोय, तिच्या टेबलाशी. तिच्या अक्षरात चुका असल्या तर त्या तिच्या, आणि गोड शब्द असले तर ते माझे. (हे तिने लिहायला नकार दिला होता.)

लबाड कुठली! तुला माझ्या डोळ्यांचं कळलंय ते मला उद्घाटनाच्या आधीच माहीत होतं. म्हणजे परांचीचं प्लास्टिक काढलं आणि सळसळ थांबली, तेव्हाच मला झाडाची शंका आली. पण इथे विचारायचं कोणाला? विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, आणि बाबाची बॅग तयारच होती. मग तुझं मोठ्या अक्षरातलं पत्र आलं, त्यात कठडा आणि खडी आणि दगड, आणि मला कळलं की ही पोर माझ्याशी डोळ्यांवाचून बोलतेय.

तरी त्या दिवशी मी हात पसरले. वाटलं, न जाणो, असेलही. हाताला ऊन लागलं गं. रडू फुटेल असं वाटलं होतं पण झालं भलतंच. माझ्या मनात आलं, मी लिहिलं की झाड आहे, आणि या मुलीने मोजणीवाल्याला खोटं पाडून माझ्या शब्दावर छपराला एवढा गोल कापला. एवढं मला आजवर कोणीही खरं मानलं नव्हतं. मी तिथे उन्हात उभी होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं, जसं काही झाड आहेच आणि मीच त्याच्या आत उभी आहे.

आता मांडवाची खबर. पोस्टमन हल्ली सुस्कारे टाकत नाहीत, पेपर मोठ्याने वाचतात आणि चार माणसं ऐकतात. मुली रोज भांडतात. धारवाल्याने चाकाला तेल घातलं होतं, मी त्याला रागावले, मला कळायचं कसं तू आलास ते? लोक मला विचारत येतात की अमका दिसला का. मी म्हणते, दिसला नाही, पण आत्ताच डावीकडून गेला. पुन्हा बोर्डावर बसल्यासारखं झालंय. बाळाची आई बाळ माझ्याजवळ ठेवून जाते आणि मी ते झोपलं की नाही हे श्वासावरून सांगते.

आणि बाबाला घातलेली अट. तुझ्या गोलात मी एक रोप लावून घेतलंय, त्याच जातीचं. बाबाला सांगितलं, मी तुझ्याकडे यायला तयार आहे, नक्की येईन, पण या झाडाची सळसळ एकदा ऐकल्याशिवाय नाही. तो बिचारा वाकून रोप बघून आला. गुडघ्याएवढं आहे, चार पानं. रोप लावणाऱ्या माळ्याला त्याने विचारलं, सळसळायला किती वेळ लागेल. माळी म्हणाला, पुष्कळ वर्षं लागतील. मी म्हटलं, सावकाश होऊ दे, मला कसली घाई आहे.

तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि चपला गोलाबाहेर काढ. तोवर लोभ इकडे उन्हात ठेवलाय, येऊन घेऊन जा.

तुझी आत्या